ओढणीसकट

मी अंगणवाडीचा वजनकाटा बोलतोय. पण आधी तुमचे खिसे रिकामे करा बघू! रागावू नका, सवयच तशी लागलीय. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत काही आया पोरांच्या खिशात जाळ्याचं शिसं घालून त्यांना माझ्या झोळीत बसवतात आणि "माझो सदू कसो भरलोय!" म्हणून मिरवतात. काही जणी नजर लागेल म्हणून आकडा मोठ्यानं वाचूच देत नाहीत. मी विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

माझा जन्म कारखान्यातला. गोल तोंड, पंचवीस किलोपर्यंतचे आकडे, खाली एक हूक. सेविका जाईबाईंनी मला वाशाला टांगलं, तेव्हापासून वाडीतलं प्रत्येक पोर माझ्या हाताखालून गेलंय.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, माझी झोळी उडाली. मी मात्र वाशाला धरून! वारा माझ्या हुकाला लोंबकळला, तेव्हा मी त्याचंही वजन केलं. पंचवीस किलो भरला. पुढे माझ्यात आकडेच नव्हते, नाहीतर आणखी भरला असता. खोटं वाटतंय? वाटू दे.

तीन वर्षांनी, शाळा उघडण्याच्या दिवसांत हफीजा आली. तिचा नवरा अकबर बुरोंडीच्या बोटीवर खलाशी, ती बंदरावर मासळी निवडते. सोबत तूबा. ही पोरगी महिनाभर खिडकीचे गज धरून बाहेरूनच आमची गाणी म्हणायची. पण नियम असा, की तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आत बसता येत नाही. आणि त्या दिवशी सुपरवायझर दर्शना मॅडम तपासणीला आलेल्या.

त्यांनी दाखला वाचला. "जन्म सोळा मे २०२१. हिला तर दोनच वर्षं झालीत."

"तारीख चुकलीय मॅडम. ही वादळात झाली."

"मग बरोबर आहे की! सोळा मे, तौक्ते वादळ."

"ता नाय! त्याच्या आदल्या वर्षीचा. माझा घरवाला नोंद करायला गेला तो दुसऱ्या वादळानंतर. लिहिणाऱ्याने विचारलं, कधी झाली? हा म्हणाला, वादळात. त्याने ताजं वादळ लिहून टाकलं!"

"आणि तुझ्या नवऱ्यानं वाचलं नाही?"

"वाचता आलं असतं तर बोटीवर कशाला गेला असता?"

मॅडमनी चष्मा वर केला. "पोर घरी नको म्हणून वय वाढवणाऱ्या पुष्कळ जणी बघितल्यात मी. ठेवा काट्यावर."

मी नीट निरखून बघितलं. खिशात शिसं नव्हतं. साडेनऊ किलो.

"बघा, काटाच सांगतोय. दोन वर्षांचीच आहे."

मी असा फुगलो म्हणून सांगू! बरी पकडली, असंच वाटलं मला. हफीजाचा चेहरा उतरला. आणखी एक वर्ष पोरीनं खिडकीबाहेर काढायचं.

तेवढ्यात माझ्या हुकाला खाजलं. तूबानं झोळीतून हात वर घालून काहीतरी धरलं होतं. "अम्मी, हिरवा!"

हफीजा जवळ आली. "अगो जाईबाय, ही माझी ओढणी!"

जाईबाईंनी कपाळावर हात मारला. आता त्यांना आठवलं. निसर्ग वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्ते झाडांनी अडलेले. बाळंतीण घरीच. जाईबाई मलाच खांद्यावर टाकून तिच्याकडे गेल्या होत्या. झोळी नव्हती म्हणून बाळाला ओढणीत बांधून हुकाला लावलं. नंतर ओली गाठ सुटेना, तेव्हा सुरीनं कापली. ती गाठ तीन वर्षं माझ्याच हुकाला होती, आणि मी जगाचे खिसे तपासत बसलो होतो!

"चिंधी म्हणजे दाखला नव्हे," मॅडम म्हणाल्या.

जाईबाईंनी पेटी उघडली. भिजून चिकटलेल्या जुन्या वहीची पानं हळूहळू सोडवली आणि वाचलं, "चार जून २०२०. हफीजाची मुलगी. दोन किलो शंभर, ओढणीसकट."

"ओढणीसकट कशाला लिहिलंत?"

"मग काय खोटं लिहू? ओढणी पण भरली ना त्यात!"

मॅडमनी ते पान उजेडाला धरलं, शाईवरून बोट फिरवलं, आणि मग त्यांना हसूच आलं. "बसू दे तिला आत. दाखला दुरुस्त करायला मी पत्र देते."

जाता जाता मला तपासायला त्यांनी किलोभर साखरेची पुडी हुकाला टांगली. मी पाऊण किलो सांगितलं. खारा वारा माझी स्प्रिंग केव्हाच खाऊन बसला होता. त्या दिवशी खोटं बोलणारा एकटा मीच निघालो.

आता बॅटरीवरचा नवा काटा आलाय आणि मी त्या पेटीत पडून आहे. तूबा पहिलीत गेली. मला म्हणे भंगारात घालणार. खुशाल घाला. फक्त भंगारवाल्याच्या काट्यावर नजर ठेवा, माझा त्याच्यावर विश्वास नाही. आणि ती गाठ अजून माझ्या हुकालाच आहे, तेव्हा माझं वजन लिहाल ते जाईबाईंसारखं खरं लिहा. ओढणीसकट.