वेगवेगळ्या वाट्या

"माझी पिठाची चाळणी कुठाय?" मी मागच्या दारातून ओरडले.

हे ओढ्यात उभे. पायाने तळाचे दगड उकरत होते आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला माझी चाळणी धरून होते. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळल्या आणि निवृत्त झाल्यावर शास्त्रज्ञ व्हायची हुक्की आली. काठावर ह्यांची जाळी पडली होती, म्हणजे झाडूच्या दांड्याला शिवलेला माझ्या मच्छरदाणीचा तुकडा. शिलाई बघवत नव्हती.

"उद्या नगरपालिकेचे साहेब येतायत," ते म्हणाले. "हे गटार आहे म्हणून वर स्लॅब टाकणार म्हणे. हे तीन शेपट्यांचे किडे बघ. घाण पाण्यात जगत नाहीत हे. जिवंत दाखवले की ओढा वाचला."

"साहेबांच्या घरी झुरळं नसतील, म्हणून येतायत."

सगळे किडे त्यांनी एकाच पांढऱ्या ताटात सोडले, वर झाकण ठेवलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखे झोपले.

सकाळी साहेबांसमोर झाकण काढलं. ताटात चतुर किड्याची, चाळणीत बाकीच्यांबरोबर आलेली, एकच अळी, पोट टम्म. बाकीचे तिने रात्रीत फस्त केले होते. वाघ आणि शेळ्या एका गोठ्यात बांधणारा माणूस माझ्या पदरात पडलाय.

"काका, हेच का तुमचं जिवंत पाणी?" साहेब हसले. ड्रायव्हरही हसला.

"साहेब, आत्ता परत काढतो. थोडं थांबा," म्हणत हे चाळणी घ्यायला वळलेसुद्धा. तोवर साहेब बूट पुसून गाडीत बसले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना हसायचा हक्क माझा. एवढा संसार ओढून मी तो कमावलाय, कुणी उपटसुंभाने येऊन फुकटात हसावं म्हणून नाही.

स्लॅबच्या सळया येऊन पडल्या, तसे हे पुन्हा पाण्यात उतरले. वरच्या अंगाला, कुंपणापलीकडे, ओढा उघडाच राहणार होता. किडे तिकडे नेऊन सोडायचे होते.

"यावेळी वेगवेगळे ठेवीन," माझ्याकडे न बघता म्हणाले. "एखादं भांडं असेल तर..."

"आता सुचली अक्कल," म्हणत मी घरातल्या सगळ्या वाट्या काठावर मांडल्या.

चहाचा कप धड न सांडता आणता येत नाही ह्यांना. पण त्या दिवशी वाटीत एकेक जीव घेऊन खेपा घालत राहिले, पाणी हलू न देता.

रात्री आम्ही वाट्यांशिवाय जेवलो. रस्सा ताटभर पसरला. मी ह्यांच्या ताटात आणखी एक पळी ओतली.