लंकाबाईंचे शेवटचे शब्द

लंकाबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी कानिफनाथ महाराजांचा अर्ज मोबाईलवर आला. दहाव्याच्या प्रवचनाला महाराज तयारीनिशी येत, म्हणून माहिती आधीच मागवत. मयताचे नाव, वय, लेकी-सुना, आवडते दैवत, केलेले उपवास, आणि सगळ्यात खाली : शेवटचे शब्द.

लेक रोहिणी शेवगावच्या कॉलेजात ग्रंथपाल. अर्ज भरणे तिच्या डाव्या हातचा मळ. दैवतापुढे तिने लिहिले, 'ठरलेले नव्हते'. उपवासांपुढे लिहिले, 'ऊसतोडीला जात तेव्हा, नाइलाजाने'. शेवटचा रकाना मात्र रिकामा ठेवला. झटका आल्यावर आई दोन दिवस बोललीच नव्हती. रोहिणी उशाशी बसून एका शब्दाची वाट पाहत राहिली. तो आला नाही.

पंगतीत रिकामे पान दिसले की वाढपी जसा धावतो, तसे महाराज त्या रकान्याकडे धावले.

दहाव्याला नदीकाठी मांडव भरला. तीन पुढाऱ्यांनी आपापल्या मंजूर रस्त्यांसह श्रद्धांजली वाहिली. मग महाराज उठले.

"माउलीची एकादशी कधी चुकली नाही!"

गेल्याच एकादशीला माउलीने तव्यावर सुके बोंबील भाजले होते. सून आरतीने डोळ्यांवरचा पदर घाईने तोंडावर घेतला.

"आणि शेवटच्या घटकेला डोळे उघडून माउली काय म्हणाली? 'आला गं माझा पांडुरंग, पाट मांडा!'"

बायांनी हुंदके दिले. रोहिणीचा धाकटा भाऊ अजिनाथ त्या वेळी दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर होता, तोही आता ढसाढसा रडत म्हणाला, "व्हय, व्हय, मी ऐकलं!"

तो खोटे बोलत नव्हता. त्याने खरोखर ऐकले होते, आत्ताच, कर्ण्यातून.

रोहिणीला पुढचे सगळे दिसू लागले. ही गोष्ट आता घरोघर जाणार. तेराव्यापर्यंत आई तसबिरीतली कुणी परकी साध्वी होणार. प्रत्येक कीर्तन शेवटपर्यंत ऐकून घरी येताना देवाचीच हजेरी घेणारी, "भक्ताची परीक्षा घ्यायला म्हनं त्याचं लेकरू मागितलं! देवाला काय रीत हाय का न्हाई?" म्हणणारी बाई कुणाला आठवणारसुद्धा नाही.

तेवढ्यात महाराजांनीच चूक केली. "कन्या उशाशी होत्या. त्यांनीच साक्ष द्यावी," म्हणत माईक पुढे केला.

रोहिणी उठली. 'आई काहीच बोलली नाही' एवढेच सांगायचे होते. पण ते वाक्य तिला दहा दिवसांत एकदाही मोठ्याने म्हणता आले नव्हते.

"आई म्हणाली," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या दहाव्याला ह्या कानिफनाथाला बोलवू नका. लई लांबण लावतो. लोकांचा भात गार हुतो."

मागून रतनमावशी, लंकाबाईंची थोरली बहीण, बोळक्या तोंडाने खुदकन हसली. पाठोपाठ बाया हसल्या, गडी हसले, वस्तरा पुसणारा न्हावीही हसला. अजिनाथ नाक पुसत म्हणाला, "व्हय, व्हय, हे बी ऐकलं!"

महाराजांनी हसू ओसरू दिले. मग हात जोडले. "बघा मंडळी! जाता जाताही माउलीला भुकेल्यांचीच काळजी!"

टाळ्या पडल्या, आणि महाराज आणखी चाळीस मिनिटे बोलले.

जेवायला रतनमावशी रोहिणीच्या शेजारी बसली. "रोहिणे, लंकी तर दोन दिस बोललीच न्हवती म्हनं. आरती सांगत हुती."

"न्हाई बोलली." घरच्या माणसाशी रोहिणीची घरची बोली परत येई. "हे मिरजगावला म्हनली हुती. आत्याच्या दहाव्याला. तितंबी हेच महाराज हुते."

"मंग?"

"मंग काय. त्यांनी भरला तसा मीबी रकाना भरला, मावशी."

मावशीने भातात आमटी कालवली. "त्यानं सांगितली ती बाई मला काय वळखू आली न्हाई बग. म्या म्हनलं, दुसऱ्याच्याच दहाव्याला आले का काय. तू बोललीस तवा लंकी दिसली."

रोहिणीने घास घेतला. भात गारढोण होता.

"आता हितं अस्ती तर त्या आचाऱ्याला काय म्हनली अस्ती गं?" मावशीने हसत विचारले.

रोहिणीने तोंड उघडले. आठवून पाहिले, पुन्हा आठवून पाहिले. हा रकाना मात्र रिकामाच राहिला.