मागून नेलेली कुऱ्हाड

कॉलेजातून मिळालेला छापील फॉर्म घेऊन नात दीपमाला कडूबासमोर बसली. "आजोबा, सत्तरच्या दशकातलं सांगा. घरात रेडिओ होता का?"

"व्हता. फोडला."

"घर कसलं होतं?"

"कुडाचं. जाळलं."

कडूबाचं डोकं तापत चाललं. असल्या प्रश्नांनी अठ्ठ्याहत्तरचं साल कुणाला कळणार? नामांतराच्या दंगलीत परतूरकडच्या त्याच्या गावात जमाव बौद्धवाड्यात घुसला, तेव्हा त्याचं दार फोडणारी कुऱ्हाड त्याचीच होती. शेताशेजारचा सर्जेराव दोन दिवस आधी बाभूळ तोडायला म्हणून ती मागून घेऊन गेला होता. दार पडल्यावर त्यानं त्याच कुऱ्हाडीनं कडूबाच्या धाकट्या भावाची, राजानंदची, मान उंबऱ्यावरच तोडली. रक्ताची चिळकांडी कडूबाच्या तोंडावर उडाली.

"शेवटचा प्रश्न," दीपमाला दबकत म्हणाली. "शेजाऱ्यांशी संबंध कसे होते?"

कडूबानं दातओठ खाल्ले. "लिही, लई चांगले व्हते. मागून नेलेली वस्तू कुणी ठेवून घ्यायचं न्हाई, गावाची रीतच व्हती तशी. आठव्या दिवशी सर्जेराव येऊन कुऱ्हाड परत देऊन गेला. बराबर धुऊन, धार लावून."