सावड मोडली तेव्हा

केदारखेड्याच्या कडूबाकडे एक बैल, बदरोद्दीनकडे एक. दोघांची बारा वर्षांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाला जुंपायचे आणि आज याचं रान, उद्या त्याचं, असं पेरायचं. निजामी राज्य गेलं त्या साली मात्र ज्वारीची पेरणी तोंडावर आली आणि कडूबानं सावड मोडली.

राग होता, आणि तो खोटा नव्हता. त्याच्या मेव्हण्याचं घर रझाकारांनी लुटलं होतं. त्यात भुजंग पाटलानं चावडीवर ठरवून टाकलं की मुसलमानाशी कुणी सावड करायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, कडूबानंही हलवली. मान हलवायला काय लागतं हो?

मग त्यानं भुजंगाचाच एक बैल मागून आणला. पण दोन्ही बैल उजव्या अंगालाच चालणारे निघाले. डाव्या अंगाला कुठलाही घातला तरी अडून बसे. आठ दिवस त्या झटापटीत गेले आणि रानातली ओल उडत चालली. तिकडे बदरोद्दीनचंही रान तसंच पडलं होतं, आणि त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं होती.

कडूबाची आई गोजरबाई हे सगळं पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "बदरोद्दीन व्हता का रे त्या लुटीत?"

"न्हाई. पर जात तर तीच ना, माय?"

"परसाल आपल्या भावकीतल्या धर्मराजनं कचरूची कडब्याची गंजी पेटवली. मंग गावानं तुला जाब इचारला का? आपल्यातला चुकला तर तो एकटा गुन्हेगार, अन् त्यांच्यातला चुकला तर सारी जात? हे कोणतं माप, लेकरा?"

कडूबाला लाज वाटली, अगदी आतून वाटली. भुजंगाचा बैल परत करून तो तडक बदरोद्दीनच्या दारात गेला.

बदरोद्दीन म्हणाला, "आठ दिवस माझ्या दारावरनं खाली मान घालून गेलास. मी लुटारू न्हाई, हे तुला मी सांगायचं का, कडूबा?"

"चुकलं माझं. आधी तुझं रान पेरू."

खरं तर यंदा पहिली पाळी कडूबाची होती. ती त्यानं सोडली. दोघं तिफण घेऊन चावडीपुढूनच गेले. भुजंगानं तोंड फिरवलं, बाकीचे नुसते बघत राहिले. बदरोद्दीनचं रान पेरून होईतो कडूबाच्या रानातली ओल गेली होती. त्याची ज्वारी निम्मीच उगवली.

बंधूंनो, कडूबाच्या रानात रझाकार कधी आला नव्हता. तिथली पेरणी कडूबाच्याच हातानं हुकली. गुन्हा माणूस करतो, जात करत नाही. आणि एकाचं पाप साऱ्या जातीच्या माथी मारायला निघालेला माणूस आधी आपल्या शेजाऱ्याला उपाशी ठेवतो, मग स्वतः उपाशी राहतो.