चिमीचं तळं की माझं

आमच्या चामटोलीत देवभात दोन तळ्यांत उगवायचं. शेताकडेचं तळं माझं, माळावरचं माझ्या जावेचं, चिमीचं. जागा गावकीची, निगा आमची. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून बायका हे न पेरता आलेलं भात न्यायच्या. खरं देवभात कुणाचं, यावरून आम्हा दोघींत कित्येक वर्षं अबोला.

पंच्याण्णव साली पंचायतीला पाण्याच्या टाकीसाठी एक तळं बुजवायचं होतं. त्याच पावसाळ्यात रानभातावर, म्हणजे आमच्या देवभातासारख्या भातावर, संशोधन करणारी बकुळा अंबरनाथहून यायला लागली. सरपंच मधु म्हणाला, "मॅडम सांगतील ते तळं ठेवू."

मी निर्धास्त. पोर जेवायची तर माझ्याकडे. आणि काय धिटाई सांगू तिची. कमरेएवढ्या पाण्यात उतरायची, जळवा चिकटल्या तरी हूं की चूं नाही. एकेका रोपाचं पान खुडून बर्फाच्या थर्मासमध्ये घालायची आणि मुंबईला नेऊन त्यातला डीएनए तपासायची.

दिवाळीनंतर ती फोटो घेऊन आली. काळ्यावर पांढऱ्या रेघा, एकेका रोपाच्या डीएनएच्या. पंचायतीच्या आधी माझ्या पडवीत बसली.

"ठमामावशी, तुमच्या तळ्यातल्या रोपांच्या रेघा जवळजवळ सारख्याच आहेत. शेजारच्या शेतातला पराग येऊन त्यात आपलं नेहमीचं भात मिसळलंय. चिमीमावशींकडे रोपागणिक रेघा वेगळ्या. उद्या भातावर नवा रोग आला, तर त्यातलं एखादं टिकेल. ते तळं राहायला हवं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं मीठ खाऊन हे सांगतेस?"

तिचे डोळे भरले. "मीठ खाल्लंय म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले. पण रेघा मला बदलता यायच्या नाहीत."

पंचायतीत पुरुषमंडळी फोटो उलटसुलट करून हसायला लागली. मधु म्हणाला, "रेघोट्यांवरून काय कळतंय? ठमाबाईचं तळं मोठं आहे, तेच ठेवू." मी नुसती गप्प बसले असते तरी जिंकले असते. पोर एकटी उभी. आवाज कापत होता, तरी पुन्हा पहिल्यापासून समजावत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की राग कुठल्या कुठे गेला.

मी उठले. "पोर खरं बोलतेय. माझं तळं बुजवा."

बोलताना काळीज तुटलं. खाली बसले. चिमी सरकत सरकत शेजारी आली आणि माझा हात घट्ट धरून बसली.