बत्तीस वर्षाच्या पोट्टीचं बारसं

अपेक्षाच्या खोलीत घरच्यांपैकी कोणाले येऊ देत नव्हते. रायपूरच्या दवाखान्यातली ती खोली म्हणजे बरणीबंद लोणचं. हवासुद्धा गाळून आत यायची. बारा दिवस ती त्या बरणीत तरंगून राहिली होती. ताप चढला का पलंग हळूहळू वर जायचा, उतरला का खाली यायचा.

झालं असं, का तिच्या अंगातले पहारेकरीच, म्हणजे पांढऱ्या पेशी, उलटले होते. बाहेरचा रोग सोडून तिच्याच नसा कुरतडायचे. तीन वर्षांत डावा पाय ओढत गेला, एक डोळा धुरकटला, औषधं एकामागून एक हरली. मग डॉक्टरनं तिच्याच रक्तातल्या बीजपेशी काढून गोठवल्या, जहाल औषधानं ते बिघडलेले पहारेकरी पुसून टाकले, अन् बीज परत अंगात सोडलं. त्या दिवशी खोलीभर गोठवायच्या औषधाचा लसणासारखा वास. डॉक्टर हसून म्हणे, "हा तुमचा नवा जन्मदिवस. गेलेला पाय परत येईलच असं नाही, पण जे राहिलं ते वाचवायचं आहे."

बीज धरलं का नाही, ते रोजच्या रिपोर्टात दिसणार होतं. सात दिवसांपासून पांढऱ्या पेशी शून्य. नाही धरलं, तर साधी सर्दीबी आपल्याले घेऊन जाईल, हे अपेक्षाले पक्कं माहीत होतं.

अन् तिकडे भागीरथा आत्यानं बोटं मोजली. जन्म झाला म्हणजे बाराव्या दिवशी बारसं! नंदिनी नगरवरून बसनं भिलाईले, भावाच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमधी आली, माळ्यावरचा लोखंडी पाळणा उतरवला, घुगऱ्या शिजवल्या, अन् व्हिडिओ कॉल लावला.

"बाई, पोरगी तिकडं," अपेक्षाची आई रमा रडकुंडीले आली. "रिकामा पाळणा हलवत नसते."

"रिकामा कोण म्हणते?" आत्यानं फोनच पाळण्यात उताणा निजवला, अन् खालून अर्ध्यापावतर दुपटं पांघरलं.

अपेक्षाले पलंगावरून दिसलं घरचं छत. ओलीचा तो हत्तीसारखा डाग. मग पंखा इकडून तिकडं झुलायला लागला. कुईं... कुईं... वरून आईचं तोंड वाकलं, मग बाबाचं, चष्मा नाकावर घसरलेला. हे आपण पाहिलेलं आहे, तिले वाटलं, बोलता येत नव्हतं तवा. पलंगबी झुलायला लागला.

"आत्या, मी बत्तीस वर्षाची आहे!"

"चूप! बारा दिवसाची पोट्टी बोलते का? टक्कल तर पाहा, बरोबर बारा दिवसाचंच." आत्या वाकली. "तुया बापाच्या आधी तीन लेकरं गेले. मग ह्याचं नाव फकिरा ठेवलं, का यमाले वाटावं, ह्या भिकाऱ्याले नेऊन करू काय? नेलं का?"

"क्रेन चालवून रिटायर झालो, तरी नाही नेलं," बाबा म्हणाले.

"आता घुगऱ्यांवर डोळा आहे. हो तिकडं!"

स्क्रीनभर आत्याचे उरलेले चार दात आले. "कुर्र्र्र! धोंडी!"

नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. रमानं पस्तीस वर्षांचं नणंदपण एकदमच वसूल केलं.

"अवं मेली मी! रीत आहे, लढाई नाही!"

तेवढ्यात दवाखान्यातल्या खोलीचं दार उघडून ममता सिस्टर आली, नाकापावतर मास्क. सुई लावायच्या आधी नाव विचारायचा नियम. "नाम बताइए, दीदी."

अपेक्षाचा डोळा झुलत्या पंख्यावर. "धोंडी."

ममतानं मनगटावरची पट्टी पाहिली, हातातला कागद पाहिला. "मजाक मत करो दीदी. ये तो अपेक्षा का रिपोर्ट है. दो सौ आया है."

"काय दो सौ?"

"सफेद सेल. कल तक जीरो था ना? अभी और चढ़ना है, पर शुरू हो गया."

फोनमधी नुसता पाळणा. कुईं... कुईं... बाबाचं तोंड चौकटीतून सरकलं, अन् पंखा उरला.

मग आत्या कुजबुजली. एवढ्या हळू आवाजात तिले जन्मात कोणी ऐकलं नसंल. "सिस्टर, ते नाव घेऊ नको वं. कोणी ऐकंल. इथं अपेक्षा-बिपेक्षा कोणी राहत नाही. ही आमची धोंडी."

ममताले मराठी येत नव्हती, तरी तिनं मान डोलावली, अन् कागद उलटा करून ठेवला.

अपेक्षानं डोळे मिटले. "आई," ती म्हणाली, "हलवत राहा."