बुजवलेला झरोका

मी एक जुना तांब्याचा बंब आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी कित्येकांनी मला नुसतं चित्रात पाहिलं असेल. मोठं पोट, तीन पाय, पुढं पितळी तोटी आणि पोटातून सरळ वर गेलेली एक नळी. नळीत निखारे, भोवतीनं पाणी. विस्तव नळीत धगधगतो आणि पाणी तापतं, एवढंच माझं कसब. मला लागतं तेही थोडंच. मूठभर कोळसा आणि हवा. तुम्हाला श्वास लागतो ना, तसाच निखाऱ्यालाही लागतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी गोष्ट याच श्वासाची आहे.

एका म्हाताऱ्या तांबटानं मला घडवलं. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. त्याच्या हातोडीचे गोल ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. ऊन पडलं की माशाच्या खवल्यांसारखे चमकतात. त्याच्याकडून मी गेलो गडहिंग्लजला, आणि तिथून एका नव्या नवरीबरोबर कोल्हापूरला. तिचं नाव शांतव्वा. तिचा नवरा भरमाप्पा गुळाचा व्यापारी. घर गल्लीत, मागं परडं, म्हणजे परसदार, आणि त्याच्या कडेला दगडी न्हाणी. त्या न्हाणीच्या कोपऱ्यात मला उभं केलं. वर भिंतीत वीतभर झरोका होता. त्यातून परड्यातला वारा यायचा आणि माझा धूर जायचा.

काय दिवस होते ते! भल्या पहाटे शांतव्वा उसाची चिपाडं घालून मला पेटवायची. दर सोमवारी चिंच आणि राख लावून घासायची. गावाकडनं कुणी आलं की भरमाप्पा दारातूनच ओरडायचा, "पावणं, च्या मागनं. आधी आंगूळ! आमच्या बंबाचं पाणी अंगावर घेतल्याबिगर गाव कळायचं न्हाय तुमास्नी." पाहुणे लालबुंद होऊन बाहेर यायचे आणि माझी वाहवा करायचे. मीही मनातल्या मनात फुगायचो.

शांतव्वाला दोन मुलं. थोरली महानंदा, धाकटा संगमेश. महानंदाला माझं फार वेड. माझ्या गोल पोटात तिचं तोंड बेढब दिसायचं, तर ती गाल फुगवून तासन्‌तास माझ्यासमोर बसायची. तिचं लग्न शिरोळला झालं, आणि पंच्याण्णव सालच्या थंडीत ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. घर आनंदानं भरून गेलं.

बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आपल्याकडे किती जपतात, ते तुम्ही आपापल्या घरी पाहिलंच असेल. कानांत कापूस, डोक्याला फडकं, खिडक्या बंद. शांतव्वानं तर झरोक्यातच एक पोतं गच्च कोंबलं. धुरानं लेकीचे डोळे चुरचुरू नयेत म्हणून चिपाडाच्या जागी कोळसा घातला. कोळशाचा धूर दिसत नाही. मग सगळ्यांना वाटलं, धूर नाहीच.

"अव्वा, घुसमटाय लागलंय की गं," महानंदा आतून म्हणाली.

"असू दे. अंगात वारं शिरलं तर जन्माचं दुखणं लागंल. दार लावून घे. निवांत शेक घे जरा."

ती निवांतच बसली. मी तापत होतो. माझे निखारे लाल व्हायच्या ऐवजी मंद, उदास झाले होते. हवा पुरत नव्हती. अशा वेळी कोळशातून एक विषारी वायू निघतो, मित्रांनो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला आधी डोकेदुखी देतो, मग गुंगी, मग झोप.

दार मोडावं लागलं. महानंदाच्या गालांवर लाली होती. नुकतंच न्हाऊन झोपल्यासारखी ती दिसत होती. ती उठली नाही. तिचं बाळ बाहेर पाळण्यात होतं म्हणून वाचलं. पुढं ते शिरोळलाच वाढलं.

शेजारची बयाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अशी टवटवीत पोर बसल्या जागी जाती व्हय? परड्यात हाय कुणीतरी. त्या झरोक्यातनंच आत आली बघ."

आणि मग काय झालं सांगू? पोतं काढायचं सोडून, संगमेशनं त्याच्यावर फळी ठोकली. बाहेरचं काही पुन्हा आत शिरू नये म्हणून. जे आतच होतं, ते सगळं आतच राहिलं.

त्यानंतर शांतव्वा तिन्हीसांजेला न्हाणीत येऊन बसू लागली. पहिल्यांदा ती नुसती रडायला आली होती, लोकांसमोर रडू येत नव्हतं म्हणून. तिनं दार लावलं, माझ्यात कोळसा घातला आणि पाटावर टेकली. बराच वेळ रडू फुटलंच नाही, आणि मग तिनं एकदम मान वर केली.

"कोण? महानंदा?"

तिला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या होत्या. मग कुणीतरी "अव्वा" म्हणालं. शांतव्वाच्या सुकलेल्या तोंडावर असं हसू आलं की माझ्या तांब्याला काटा आला. त्या दिवसापासून ते रोजचं झालं. दार लावायचं, कोळसा घालायचा, वाट बघायची. डोकं जड झालं, कान गुणगुणू लागले की महानंदा यायची. शांतव्वा तिला सगळं सांगायची. तुझं पोर चालाय लागलं. गुळाचं गुऱ्हाळ सुरू झालं. अप्पास्नी खोकला झालाय. मग डोकं धरून ती बाहेर यायची, कधी उलटी व्हायची, आणि अंथरुणावर पडून म्हणायची, "आली ती आज."

मी तिथंच होतो. त्या न्हाणीत माझ्या पाण्याच्या सणसणीशिवाय दुसरा आवाज नव्हता. तो वायू माणसाच्या डोक्यात शिरला की नसलेलं दाखवतो, नसलेलं ऐकवतो. मला हे तिला सांगायचं होतं. पण मला तोटी आहे, तोंड नाही.

वर्षं अशीच गेली. भरमाप्पा वारला. त्याच्या मागं संगमेश पेढी बघू लागला, आणि त्याचं लग्न झालं. सून पवित्रा, तीही गडहिंग्लजकडची. सासूला ती अत्ती म्हणायची. संगमेश झटपट न्हाऊन बाहेर यायचा, पण न्हाणीत गेलं की तिचं डोकं ठणकायचं, म्हणून ती दार किलकिलं ठेवायची. शांतव्वा येऊन ते लावायची.

"उघडं नको ठेवू. आत महानंदा असती."

"म्हणूनच तर उघडं ठेवती, अत्ती. वन्सं टक लावून बसल्यात म्हटल्यावर मला आंगूळ करायची लाज वाटती की!"

शांतव्वाला हसू आवरलं नाही. सून तिला आवडत होती. पण सोलरचं नाव काढलं की ती बदलायची. तेव्हा गल्लीत दोन-तीन घरांवर सोलर बसले होते. गच्चीवर काळ्या काचा, वर टाकी, दिवसभराच्या उन्हानं पाणी तापतं आणि नळाला येतं. कोळसा नको, वीज नको. संगमेशनं जेवताना हळूच विषय काढला.

"उन्हात तापलेलं पाणी?" शांतव्वा म्हणाली, "पापड हाय व्हय ते, गच्चीवर वाळत घालायला?"

"अव्वा, धूर न्हाय, राख न्हाय..."

"बंब हालला तर माझी लेक कुठं बसंल? गच्चीवर? तुझ्या त्या काचंवर?"

संगमेशनं भाकरी मोडली.

दोन हजार पाच साली पवित्राला मुलगी झाली. माहेरहून ती बाळाला घेऊन परतली, तेव्हा पावसाळा सरून हवेत गारवा आला होता. बाळाला न्हाऊ घालायचा मान आजीचा. शांतव्वा पाय लांब करून पाटावर बसली की बाळ तिच्या नडग्यांवर अलगद मावायचं. डाळीचं पीठ, दुधावरची साय, चिमूटभर हळद. आधी चिमुकली छाती, मग पाठ, मग मांड्यांच्या वळ्या. पाणी अंगावर पडलं की बाळ एकदा दचकून रडायचं आणि मग गप्प होऊन छताकडे बघत राहायचं. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात याहून गोड काम मी केलं नाही. आणि याहून जास्त मी कधी भ्यालोही नाही. कारण दार लावलेलं होतं, आणि वर ती फळी होती.

एके दिवशी न्हाणं झालं तरी शांतव्वा उठली नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून तिनं मांडीवर घेतलं.

"थांब हं, राणी. आत्या येतीया. आत्यानं तुला बघितलंच न्हाय अजून."

तिनं माझ्यात आणखी कोळसा घातला.

माझं पाणी खळखळ उकळू लागलं. झाकण थडथडलं, तोटी गळू लागली. जेवढा आवाज करता येईल तेवढा मी केला. तिला तो ऐकू गेला नाही. तिला बांगड्या ऐकू येत होत्या. बाळ आधी कुरकुरलं, मग रडलं, मग त्याचं रडणं बारीक होत होत थांबलं.

पवित्रा बाहेर दुपटी वाळत घालत होती. न्हाऊन झालेलं बाळ भुकेनं रडतं, हे तिला पाठ होतं. आज ते रडत नव्हतं. तिनं दोनदा हाक मारली आणि दाराला खांदा दिला. जुनी कडी निघून आली. आत सासू भिंतीला कलंडली होती, तोंडावर हसू. मांडीवर बाळ कापसासारखं ढिलं पडलं होतं.

तिनं बाळाला उचलून परड्यात धाव घेतली. त्याच्या पायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, आणि जिवाच्या आकांतानं ओरडत राहिली, "रड! रड ना गं माझी बाई! रड की!" गल्ली गोळा झाली. बयाबाईनं शांतव्वाला फरफटत बाहेर ओढलं. मोकळ्या हवेत बऱ्याच वेळानं बाळानं एक आचका दिला आणि टाहो फोडला. मी न्हाणीतून तो ऐकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी औषधाआधी विचारलं ते हेच: पाणी कशावर तापवता? न्हाणीला खिडकी आहे का? मग म्हणाले, कोंडलेल्या कोळशाच्या वायूनंच हे झालं.

घरी आल्यावर शांतव्वा ऐकायला तयार नव्हती. "डाक्टरला काय ठावं? पोरीला बघायला आलती ती. घ्यायला हात पुढं केलंतं तिनं."

"अत्ती," पवित्रा शांतपणे म्हणाली, "वन्सं स्वतः आई होत्या. दुसरीची कूस रिकामी करतील व्हय त्या?"

शांतव्वानं न्हाणीकडे बघितलं. मग पुटपुटली, "डाक्टरचं खरं असंल... तर मग ते पोतं..." पुढचं तिच्या तोंडातून निघालं नाही. पवित्रानंही ते पुरं केलं नाही. तिनं सासूचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दुपारी पवित्रा बाळाला कुशीत घेऊन झोपली होती. शांतव्वा कोयता घेऊन एकटीच न्हाणीत आली. पाटावर चढून तिनं फळी उचकटली आणि पोतं ओढलं. माती पडली, कोळिष्टकं पडली, आणि त्यांच्या मागून परड्यातला वारा आत आला. मग तिनं नेहमीसारखं दार लावलं, माझ्यात कोळसा घातला आणि ती वाट बघत बसली.

माझे निखारे किती वर्षांनी तसे फुलले! तिचं डोकं जड झालं नाही. कान गुणगुणले नाहीत.

"महानंदा," ती म्हणाली. "ये गं."

परड्यात एक कावळा ओरडला. शेजारी बयाबाई कुणावर तरी खेकसत होती. पाणी तापलं, उकळलं. कुणी आलं नाही.

शांतव्वा उठली. तिनं खालचं पोतं उचललं आणि झरोक्याशी नेलं. एवढं कोंबलं की लेक परत येणार होती; आज, उद्या, रोज. अर्धं पोतं आत गेलंही. मी निखाऱ्यांवर राख धरून बघत होतो. त्या पोत्यात महानंदाचा आवाज होता, आणि शांतव्वाच्या पायाखालच्या पाटावर बाळाला लावलेल्या डाळीच्या पिठाचे वाळलेले डाग होते. तिची नजर खाली गेली आणि त्या डागांवर थांबली.

तिनं पोतं ओढून काढलं, चुरगाळलं आणि माझ्या नळीत घातलं. ते धुमसलं. डोळ्यांत जाणारा खराखुरा धूर झाला, आणि झरोक्यातून निघून गेला.

"माझ्याच हातानं गं, बाई," असं म्हणत ती खाली बसली, आणि असा हंबरडा फोडला की पवित्रा झोपेतून धावत आली. इतकी वर्षं ती लेकीशी बोलत होती. त्या दुपारी ती पहिल्यांदा लेकीसाठी रडली. पवित्रा ओल्या दगडावर तिच्याशेजारी बसली आणि तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसून राहिली.

आठवड्याभरात सोलर बसला. शांतव्वानं नळाखाली बोट धरलं, मागं घेतलं, पुन्हा धरलं. "गरम हाय की," एवढंच म्हणाली.

मला परड्यात ठेवलं आहे. आता मला कुणी घासत नाही. अंगावर हिरवा कळंक चढलाय. वाईट वाटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू? पण कुणावर राग नाही. ज्या घरात सोलर घेता येत असेल त्यांनी तो जरूर घ्यावा. आणि ज्यांच्याकडे अजून बंब पेटतो, मित्रांनो, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. माझ्या विस्तवाला मोकळी वाट ठेवा. मला दाराबाहेर तापवा, पाणी बादलीनं आत न्या. थंडीनं कुणी मरत नाही इतक्यात. बंद दारानं मरतं.

शांतव्वा आता तिन्हीसांजेला घरी नसते. गल्लीत, पलीकडच्या गल्लीत कुठं बाळंतीण आली असं कळलं, की ती जाते. इतर बायका पाळण्याकडे जातात. ही सरळ मागं न्हाणीकडे जाते, भिंतीवरून हात फिरवते, आणि त्या नव्या आईला हाक मारते:

"बाळ मागनं दाव, बाई. आधी तुझी खिडकी दाव."